उसाच्या फडातली मालिका

टीव्हीवरच्या मालिका बघणाऱ्यांबद्दल माझं मत वाईट होतं आणि ते मी कधी लपवलं नाही. साडेसात वाजले की बायको टीव्हीसमोर बसायची आणि मी पुस्तक घेऊन मागच्या खोलीत जायचो. जाताना दार जरा जोरात लावायचो, म्हणजे माझं मत तिला रोजच्या रोज कळत राहावं. वडवणीच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला एवढाच अधिकार उरतो.

मालिका एका बंगल्याची होती. त्या बंगल्यातल्या बायका झोपेतूनही भरजरी साडीत उठत. कुणी कधी भांडं घासलेलं दिसलं नाही, पण पदर मात्र सगळ्यांचे खोचलेले. सासूबाईंना दर शुक्रवारी छातीत कळ यायची, कारण शनिवारी लोकांनी परत टीव्ही लावायला हवा. नायिका डॉक्टरकी शिकत होती. म्हणजे तिच्या गळ्यात नळी असायची. हातात पुस्तक मी कधी पाहिलं नाही. आणि रोज चहाचा ट्रे घेऊन येणारी एक सैपाकीण होती. ती यायची, ट्रे ठेवायची, जायची. कित्येक वर्षांत तिला एक वाक्य मिळालं नव्हतं.

दार लावून बसणाऱ्याला एवढं सगळं कसं माहीत, हा प्रश्न बायकोने मला अनेकदा विचारला आहे.

आज माझ्या कपाटात याच मालिकेवर मी स्वतः लिहिलेल्या सात वह्या आहेत. कपाटाच्या त्याच खणात, तळाशी, माझ्या गंभीर कादंबरीची चाळीस पानं आहेत. ती बावीस वर्षांपूर्वी चाळीसच होती.

आमच्या घरामागे एक वस्ती आहे. तिथली बहुतेक घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमाराला परत येतात. आमच्या मागच्या ओट्यासमोरच्याच घरात नवरा, बायको, म्हातारी सासू आणि एक मुलगी. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. एकट्या माणसाला अर्धा कोयता. माणसांची अशी मोजणी करणारा धंदा मी दुसरा पाहिला नाही. मुलगी बारावीत होती, म्हणून आजीपाशी मागे राहायची.

त्या मुलीची आई पावसाळाभर आमच्याकडे येऊन बायकोबरोबर मालिका बघायची. दिवाळीनंतर तिची मालिका तुटायची. मग या दोघींनी एक सोय काढली होती. दर रविवारी सकाळी बायको आठवडाभराची गोष्ट फोनमध्ये बोलून पाठवायची. मालिका बघायला डोळे लागतात आणि फडात डोळे उसाकडून हलवता येत नाहीत. ऐकायला फक्त कान लागतात. फोन कमरेच्या पिशवीत ठेवून, मोळ्या बांधता बांधता, टोळीतल्या आठ-दहा बायका ऐकायच्या.

त्या वर्षी आमच्या मुलीचं बाळंतपण निघालं आणि बायको चार महिने पुण्याला जायला निघाली. बॅग भरताना म्हणाली, "रविवारचं तेवढं तुम्ही पाठवा."

"मी मालिका बघत नाही."

"बघत न्हाईत तर रोज नावं कशाला ठेवता?"

"मी दुसरं काहीतरी चांगलं वाचून पाठवतो तिला."

"अहो, ती बाई तिकडं पहाटं तीनला उठती. तिला तुमचं चांगलं नको हाय. सासूचं काय झालं ते पाहिजे."

पहिल्या आठवड्यात मी सहाही दिवस बसलो. टाचण काढल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही, ही जुनी खोड. शाळेची एक कोरी वही उरली होती, तिच्यात भागवार मुद्दे लिहिले, वाचून पाठवले. चार मिनिटांत आटोपलं. उत्तर लगेच आलं.

"सर, तुमी बातम्या सांगायलात का? काकू सासूचा आवाज काढून सांगतात. ह्या बाया म्हणायल्या, कोण मेलं का काय."

दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारी आणि शनिवारी आमच्या तालुक्यातल्या साहित्य मंडळाचा सोहळा होता. मंडळाचे अध्यक्ष खताचे दुकानदार. त्यांचा सातवा कवितासंग्रह प्रसिद्ध होत होता. व्यासपीठावर अकरा माणसं, समोर नऊ, आणि नऊतली दोन मंडपवाल्याची. वरच्या अकरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार. दुसऱ्या दिवशी त्याच शालींत परिसंवाद. कवितांमध्ये ऊस तोडणारी आई होती आणि तिच्या हातातला कोयता चंद्रकोरीसारखा होता. मी कोयता पाहिला आहे. तो चंद्रकोरीसारखा नसतो. तसा असता तर ऊस तुटला नसता. पण मला भाष्य करायला बोलावलं होतं, आणि मी 'प्रतिमासृष्टी' हा शब्द दोनदा वापरून खाली बसलो. माझ्याही घरी अशा तीन शाली आहेत. इस्त्री करताना त्यांचा उपयोग होतो.

त्यामुळे रविवारी सकाळी माझ्याकडे दोन भाग कमी होते. पुण्याला फोन करता आला असता. पण मग बायको जे म्हणाली असती, ते मला ऐकायचं नव्हतं. मी वही उघडली आणि दोन भाग मनाने लिहिले.

सासूबाईंना शुक्रवारची कळ आली, इथपर्यंत मी परंपरेला धरून होतो. घर गोळा झालं. नायिका गळ्यातली नळी लावून तपासू लागली. तेवढ्यात ट्रे घेऊन आलेली सैपाकीण म्हणाली, "कळ कशाची? दुपारी चोरून अर्धी वाटी शेंगदाण्याची चटणी खाल्लीय. ओवा द्या." आणि ट्रे ठेवून गेली. शनिवारच्या भागात सासूने चटणीची बरणी कुठे लपवली आहे, याचा शोध.

उत्तर आलं त्यात आधी शब्द नव्हते, नुसतं हसणं. आठ-दहा बायका एकदम हसत होत्या आणि मागे कुणीतरी पुरुष ओरडत होता, "काय झालं बे या बायांना?" मग शेजारणीचा आवाज: "सर, ती सैपाकीण लई भारी! तिला रोज बोलवा."

तीस वर्षांत माझ्या शिकवण्याला कुणी असं हसलं नव्हतं, निदान मी समोर असताना. मी ते उत्तर तीनदा ऐकलं. हे कबूल करताना मला आजही बरं वाटत नाही. ज्या माणसाने कवीच्या कोयत्याला नाक मुरडलं, तो स्वतः चटणीच्या बरणीवर खूश होऊन घरात एकटा फिरत होता.

पुढे मी मालिका बघायचो ती केवळ कच्चा माल म्हणून. वहीत टाचणाच्या जागी संवाद यायला लागले. बायकोसारखा आवाज काढणं मला जमलं नाही, पण सैपाकिणीचं बोलणं जमलं, कारण ते मी लहानपणापासून आजूबाजूला ऐकत होतो आणि वर्गात मुलांच्या वहीतून खोडत होतो.

संक्रांतीनंतर एका बुधवारी, भलत्याच वेळी, शेजारणीचा निरोप आला. आवाज दबका.

"सर, ऐका. माझा थोरला दीर टोळीचा मुकादम हाय, ठावं हाय तुमाला. टोळीत एक पोरगा हाय, तलवाड्याचा. आईसंग कोयता धरतो. आईचं मनगट मोडलं, आता ह्याला जोडी न्हाई. दीर म्हणायला, तुझी पोरगी दे. माघात सुपारी, शिमग्याच्या आत लगीन. पोरगं वाईट न्हाई, सर. पण पोरीची परीक्षा मधीच येती. म्या म्हणलं, परीक्षा होऊ द्या. तर म्हणतात, तुला काय कळतं. पोरीला सांगू नका."

पोरीला माहीत होतं. आजीकडे आदल्या दिवशीच निरोप आला होता. ती आमच्या टेबलावर अभ्यासाला यायची, कारण तिच्या घरी टेबल नव्हतं. नुकतीच अठराची झालेली, बोलायला मोजकी, जीवशास्त्राच्या आकृत्या सुरेख काढायची. तिला अंबाजोगाईला नर्सिंगला जायचं होतं आणि त्यासाठी बारावीचा पेपर देणं भाग होतं. इतकी साधी गोष्ट होती. पेपरला बसली तर नर्सिंग, नाही बसली तर त्या पोराच्या अर्ध्याचा पूर्ण कोयता.

त्याच आठवड्यात बंगल्यातल्या नायिकेने सासूच्या व्रतासाठी शेवटची परीक्षा सोडली. गळ्यातली नळी काढून देवापुढे ठेवली. मागे संगीत इतकं वाजलं की आमच्या कपाटाची काच हलली. मुलगी बघत होती. जाहिराती सुरू झाल्या तशी म्हणाली, "सर, हे आईला सांगू नका."

"मग काय सांगू?"

"तिला पेपरला बसवा."

"सगळं घर आडवं आलंय. कसं बसवू?"

"ते तुमी बघा. मराठीचे सर तुमी हाव."

गोष्टीने घर बदलत नाही, असं माझं मत आहे. साहित्याने समाज बदलतो, असं व्यासपीठावरून सांगणारे लोक मी पुष्कळ ऐकले आहेत. त्यांच्या घरात त्यांच्या सुना जेवायला शेवटी बसतात. तरी मी वही घेतली. नायिकेच्या तोंडी स्त्रीशिक्षणावर दीड पान भाषण लिहिलं. उपमा होत्या, इतिहास होता. मुलीला वाचायला दिलं.

तिने वाचलं आणि वही परत सरकवली. "एवढं कोण बोलू देतं, सर? आमचे मुकादम मोठे बाबा पयल्याच वाक्याला ओरडतेत. मग पुढचं सगळं वाया."

माझ्या लिखाणावर आजवर झालेली ही सगळ्यात नेमकी समीक्षा. भाषण सातव्या संग्रहाच्या लायकीचं होतं. मी ते फाडलं.

मग सैपाकिणीला विचारलं. म्हणजे, तिच्या जागी बसून बघितलं. जिला कित्येक वर्षांत कुणी बोलू दिलं नाही, ती भाषण करणार नाही. ती नाही म्हणणारच नाही. हो म्हणेल आणि दिवस ढकलेल. म्हणून माझ्या बंगल्यात नायिकेच्या परीक्षेला कुणी विरोध केला नाही आणि व्रतालाही कुणी विरोध केला नाही. फक्त दर वेळी काहीतरी आडवं आलं. एकदा पुजारी परगावी. एकदा सासूच्या पायात काटा. एकदा सोवळ्याचं पातळ मांजराने ओढलं. प्रत्येक वेळी सैपाकीण ट्रे ठेवता ठेवता म्हणायची, "होईल की. पळून चाललंय का काय व्रत?"

टोळीतल्या बायकांनी हे नेमकं उचललं. पुढच्या रविवारपासून निरोप यायचा तो असा: "सर, ह्या येळेला सैपाकीण काय नड काढायलीय?" मग त्याच नडी सुचवायला लागल्या. एक म्हणाली, कणगीत साप निघाला म्हणा. बंगल्यात कणगी नसते, असं मी कळवलं. "मग तुमी ठिवा ना," असं उत्तर आलं. इकडे सुपारीचा दिवसही सरकत होता. एकदा म्हातारी घसरून पडली, असं टोळीत कळलं. म्हातारी तेव्हा आमच्या ओट्यावर बसून पान लावत होती.

पण दीर काही रोज फसणारा माणूस नव्हता. पेपर आठवड्यावर आले तेव्हा त्याने तलवाड्याला, पोराच्या मामाला कळवलं, की तुम्हीच जाऊन सुपारी उरकून या.

त्या रविवारचा भाग मी दोन दिवस लिहिला. नायिकेला कांजण्या आल्या. आमच्याकडे कांजण्या आल्या की अजूनही देवी आली म्हणतात. त्या घराच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लावतात. डहाळा दिसला की पाहुणा आत येत नाही, सोयरिकीचं बोलत नाही, डाग वाळेपर्यंत विषयच निघत नाही. सुशिक्षितांचा बंगला असो की आणखी काही, देवीपुढे कुणी बोलत नाही. सैपाकिणीने बंगल्याच्या नक्षीदार दाराला डहाळा बांधला आणि नायिका आत खोलीत बसून तीन आठवडे अभ्यास करू लागली.

रविवारी सकाळी पाठवलं. हसण्याचं उत्तर आलं नाही. कुठलंच उत्तर आलं नाही.

सोमवारी सकाळी मी मागच्या ओट्यावर आलो, तर मागच्या घराच्या दाराला ताजा डहाळा होता. आईचा आजीला फोन आला होता, एवढंच मुलीने सांगितलं आणि ती आत आकृती काढत बसली.

मंगळवारी तलवाड्याचा मामा मोटारसायकलवर आला. गाडी उभी केली, डहाळा बघितला, आणि खाली न उतरताच माझ्याकडे वळला. "सर, डहाळा कावून लावलाय हो?"

मी आयुष्यभर लोकांच्या खोटेपणाला हसलो. कोयत्याची चंद्रकोर करणाऱ्याला हसलो. आता हातात वर्तमानपत्र धरून मी म्हणालो, "कांजण्या. अंगभर उठल्यात."

"आरं देवा." त्याने गाडीवरूनच हात जोडले. "पेपराचं कसं?"

"देवीच्या मनात असलं तर बघू," मी म्हणालो. हे वाक्य सैपाकिणीचं होतं, परवाच लिहिलेलं.

तो गेला. पुढच्या आठवड्यात मुलगी पेपरला बसली. पहिल्या पेपरला म्हातारी डहाळा हातात घेऊनच केंद्रापर्यंत चालत गेली. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नाही.

माघ संपायच्या आत पोराकडच्यांनी दुसरी मुलगी बघितली. जवळच्याच वाडीवरची, दहावीनंतर घरी बसलेली. शिमग्याच्या आधी लग्न लागलं आणि ती टोळीवर आली. शेवटचे तीन आठवडे तिने कोयता धरला. कोयता पुरा व्हायचा होता, तो झाला. कथेची ताकद वगैरे बोलणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. ते ऐकून घेतात आणि विषय बदलतात.

बायको परत आली ती हातवारे करतच. "अहो, ही सैपाकीण कोण? पुण्याला मी एकही भाग सोडला न्हाई. असलं काही झालं न्हाई! आपली शेजारीण तिकडून फोनवर मला विचारती, मांजराचं पुढं काय झालं?"

आमच्या मुलीने पुण्याहूनच निदान केलं. "बाबा, याला फॅन फिक्शन म्हणतात. मालिकेचे चाहते लिहितात. जगभर लिहितात."

"मी चाहता नाही."

"सुरुवातीला सगळे हेच म्हणतात," ती म्हणाली. तिला याची इतकी माहिती कुठून, हे मी विचारलं नाही.

पाडव्याला टोळी परतली. शेजारीण आली, पाणी प्याली. मी आढेवेढे घेत सांगितलं की गोष्टीत थोडं माझंही होतं.

"ते दुसऱ्याच रविवारी कळलं, सर," ती म्हणाली. "बंगल्यातली बाई शेंगदाण्याची चटणी चोरून खाती व्हय? लावा टीव्ही. बघू तरी खरी कशी हाय."

साडेसातला तिघांनी मालिका बघितली. मी मागच्या खोलीत गेलो नाही. नायिका भरजरी साडीत व्रताचं उद्यापन करत होती. सैपाकीण ट्रे घेऊन आली. शेजारीण पुढे सरकून बसली. ट्रे ठेवला, सैपाकीण गेली.

"नासाडी केली समदी," शेजारीण म्हणाली. "बंद करा."

मुलीला गुण बरे पडले. तिला अंबाजोगाईला प्रवेश मिळाला. संगीत वाजलं नाही. साहित्य मंडळाला कुठूनसं कळलं आणि अध्यक्षांनी मला गाठलं. माझ्या 'लोकाभिमुख लेखनाचा' सत्कार करायचा होता. मी विचारलं, टोळीतल्या दहा बायकांनाही शाली द्याल का, अर्धं लेखन त्यांचं आहे. त्यांनी तारीख कळवतो म्हणून सांगितलं. दिवस ढकलण्याची कला त्यांनाही येते.

दिवाळीनंतर टोळी परत गेली. बायको घरीच होती, तिचा घसाही ठणठणीत होता, पण पहिल्याच शुक्रवारी निरोप माझ्या नावाने आला.

"सर, ती तलवाड्याच्या पोराची बायको हाय ना, तिनं मागच्या साली शेवटाशेवटाचंच ऐकलं. लई माघं लागलीय. पयल्यापासनं पाठवा."

मी पहिली वही काढली. चटणीची बरणी, काटा, मांजर, असं दर रविवारी वाचून पाठवत गेलो. नव्या मुलीचं हसणं आता वेगळं ओळखू यायला लागलं. ती सगळ्यांच्या मागून, एकटी हसायची. मग पाचव्या वहीतल्या कांजण्या आल्या, आणि मी थांबलो. तो डहाळा ज्या दाराला लागला, त्या दारावरून परतलेली सुपारी हिच्या घरी गेली होती. तिला ते ठाऊक होतं की नाही, मला माहीत नव्हतं. तिला बसवून ही गंमत ऐकवायची, एवढा निर्ढावलेला लेखक मी अजून झालो नव्हतो.

मी शेजारणीला निरोप पाठवला, की कांजण्यांचा भाग गाळून पुढचा पाठवतो.

संध्याकाळी उत्तर आलं. मागे चुलीत उसाचे वाळलेले वाढे तडतडत होते.

"गाळू नका, सर. तिनंच सांगितलंय. तिला शाळंत जाणारी धाकटी बहीण हाय."